भेट दिलेली कादंबरी कपाटावरच का राहते?

प्रश्न : पहिली कादंबरी स्वखर्चाने छापली. किंमत ३०० रुपये. तालुक्यातल्या दहा वाचनालयांना एकेक प्रत भेट दिली, पण सहा महिन्यांत ती कुणाच्या हाती गेलेली नाही. पुस्तकांचे दुकानदार ‘ठेवून जा’ म्हणतात, पुढे हिशेब नाही. कुठे चुकतंय?
— एक कादंबरीकार, सातारा जिल्हा

उत्तर : भेट देण्यातच चुकलं. शासनमान्य वाचनालयाला अनुदानातून ग्रंथखरेदी केल्याचा हिशेब द्यावा लागतो आणि त्याला बिल लागतं. फुकट आलेल्या प्रतीची कुणाला घाई नसते. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत, ती बरेचदा चढत नाही, दाखल क्रमांक नाही म्हणून देवघेवीला निघत नाही आणि कपाटावर सुतळीसकट पडून राहते. त्यामुळे यापुढे बिल घेऊनच जा. त्यावर पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, किंमत, सवलत आणि निव्वळ रक्कम हवी. २० टक्के सवलत धरली तर २४० रुपये. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तो लावू नका.

वेळही सांभाळा. ऑक्टोबरात ग्रंथपाल दिवाळी अंकांत बुडालेले असतात. खरेदीची खरी धांदल ३१ मार्चच्या आधी, म्हणून जानेवारीत गाठा. यादी ग्रंथपाल करत असले तरी मंजुरी कार्यकारी मंडळाची. बैठक कधी आहे ते विचारून घ्या.

फुकट प्रत द्यायचीच तर ती मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयाला द्या. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी (वाचनालयांच्या खरेदीसाठी शासनाने निवडलेली पुस्तकं) संचालनालय त्या-त्या वर्षातली नवी पुस्तकं मागवतं. आवाहनाकडे लक्ष ठेवा, आणि आतल्या पानावर ‘प्रथम आवृत्ती’ व वर्ष छापलेलं आहे ना, ते बघा.

दुकानात एका वेळी पाचच प्रती द्या. चलन (प्रती दिल्याची पावती) दोन प्रतींत करा, तुमच्या प्रतीवर दुकानाचा शिक्का-सही घ्या आणि तीन महिन्यांनी प्रती मोजायची तारीख त्यावरच लिहा. कमिशन ४० टक्के धरलं तर हाती १८० येतात. छपाईचा खर्च वजा करून बघा, परवडत नसेल तर दुकानांचा नाद सोडा.

प्रश्न : आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घेतलाच नाही. आता?

उत्तर : राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो, लेखकालाही. पण पुढच्या आवृत्तीच्या छपाईआधी घ्या. मागाहून चिकटवलेला स्टिकर पावसाळ्यात सुटतो.