दर वेळी वेगळं उत्तर येतं, खरं कोणतं मानू?

बारावीचे निकाल लागले की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या करिअर समुपदेशन केंद्रात हल्ली एकच तक्रार येते. "मॅडम, चॅटजीपीटी रोज नवं करिअर सांगतं. खरं कोणतं मानायचं?"

ईशाकडे (नाव बदललं आहे) तर अशा उत्तरांची फाइलच होती. सायन्स, बी ग्रुप (म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र), नीटमध्ये मार्क कमी. यादीत फिजिओथेरपी, बायोटेक, डेटा अ‍ॅनालिटिक्स, वर बीबीएसुद्धा.

"आमच्या वेळी सांगणारे एखादे काका तरी असायचे," आई म्हणाली.

काकाही चुकायचेच, पण ते असो. मी फाइल मिटली. "उत्तरं राहू देत. तू काय विचारलंस ते वाच."

'बी ग्रुपनंतर हमखास नोकरी.' 'रिस्क नसलेलं करिअर.' 'पुढे पश्चात्ताप होणार नाही असं क्षेत्र.' चौथ्या प्रश्नाशी ती अडखळली. "मी सगळीकडे गॅरंटीच मागितलीये."

मी मानसोपचारातल्या अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेची; माणसाच्या मनातले अवास्तव हट्ट तपासणारी ही पद्धत. 'खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट मला चटकन ऐकू येतो. खात्री मागितली की बॉट सगळ्यांना सांगतो तीच सुरक्षित नावं सांगतो. प्रश्न जरा फिरवला की यादीही फिरते. त्यात ईशा कुठेच नसते.

"गॅरंटी न मागता काही विचारलंयस?"

बराच वेळ ती फोनमध्ये मागे मागे जात राहिली. मग सापडलं. फतेहसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची तैलचित्रं पाहून आल्यावर रात्री तिने विचारलं होतं, जुन्या चित्रांच्या रंगाला भेगा का पडतात? दमटपणाने कॅनव्हास फुगतो-आकसतो, वाळलेला रंग तितका लवचीक राहत नाही, हे कळल्यावर ती थांबलीच नव्हती. पिवळं पडलेलं वार्निश कसं काढतात? कुठलं रसायन रंगाला धक्का लावत नाही?

"हे करिअरसाठी नव्हतं, असंच," ती ओशाळून म्हणाली.

आई फोनकडे बघतच राहिली. "हे मला कधी बोलली नाहीस."

'असंच' विचारलेले प्रश्न मी आता प्रत्येकाकडे मागते. अभिरुची चाचणीपेक्षा मला ते जास्त सांगतात, हे थोड्या अभिमानानेच लिहिते.

बॉट जरूर वापरा. मार्क, घरची ऐपत, शहर सोडायची तयारी, सगळं मोकळेपणाने सांगून विचारा. 'या कामातला कंटाळवाणा भाग कोणता?' 'मी हे का करू नये?' असेही प्रश्न टाका. फी, पात्रता, तारखा मात्र विद्यापीठाच्या साइटवर आणि ऑफिसात जाऊनच पाहा. बॉट नसलेला कोर्सही तितक्याच ठामपणे सांगतो.

ईशाने केमिस्ट्रीत बीएस्सी घ्यायचं ठरवलं. पुढे सयाजीराव विद्यापीठातच म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयं आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या जपणुकीचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. वडिलांनी विचारलं, "यात पोट भरेल?" जागा थोड्या असतात, हे मी लपवलं नाही. त्या विभागात जाऊन मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत ते विचारा, म्हटलं. ते ईशाला घेऊन गेले.