पेलेट ग्रिलवरचा स्टेक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मेमोरियल डेपासून लेबर डेपर्यंत अमेरिकेतल्या मराठी घरांतून पेलेट ग्रिलबद्दल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या ग्रिलबद्दल, तेच ते प्रश्न येत राहतात. ग्रिल नवं असतं, मांस महाग असतं आणि माहिती मात्र व्हॉट्सॲपवरून आलेली असते. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळी तापमानं फॅरनहाइटमध्ये आहेत.

प्रश्न : ग्रिल 500 अंशांपर्यंत जातं असं दुकानात सांगितलं होतं. तरी स्टेक करडा पडतो, खरपूस होत नाही. (ऑस्टिन)

दुकानात सांगितलेला आकडा हवेचा असतो, जाळीचा नाही. पेलेट ग्रिलमध्ये मोटरवर फिरणारा स्क्रू, म्हणजे ऑगर, लाकडाचे पेलेट्स हॉपरमधून (साठ्याच्या पेटीतून) फायरपॉटमध्ये (जाळाच्या भांड्यात) ढकलतो आणि पंखा जाळ फुलवतो. त्या जाळावर पोलादी पत्रा असतो, त्यामुळे स्टेकला थेट आच लागतच नाही. हे मुळात गरम हवा आणि धूर यांचं यंत्र आहे, त्यामुळे काम दोन टप्प्यांत करावं लागतं.

तुकडा दीड इंच जाडीचा घ्या. अर्ध्या इंचाचा स्टेक धूर लागण्याआधीच शिजून जातो, तो सरळ तव्यावर भाजा. पाऊंडाला साधारण पाऊण टीस्पून कोशर (जाडसर) मीठ चोळून तुकडा रात्रभर फ्रिजमध्ये, जाळीवर, उघडा ठेवा. पृष्ठभाग कोरडा होणं महत्त्वाचं आहे, कारण ओलावा असेपर्यंत तो 212 अंशांच्या वर फारसा जात नाही आणि खरपूस रंग यायला 300 च्या आसपास तरी लागतं. तुमचा स्टेक करडा पडतो तो बहुधा यामुळेच.

ग्रिल 225 वर ठेवा. तुकड्याचा गाभा 115 वर आला की बाहेर काढा. दीड इंचाला पाऊण ते एक तास लागतो, पण घड्याळावर जाऊ नका. मग ग्रिल कमाल तापमानावर न्या आणि आत बिडाचा तवा ठेवून तो 15 ते 20 मिनिटं सणसणीत तापू द्या. तव्याला नव्हे, स्टेकला तेलाचा हात लावा आणि प्रत्येक बाजू मिनिट-दीड मिनिट भाजा. ग्रिल 450 च्या पुढे जात नसेल तर तवा गॅस बर्नरवर तापवा, त्यात कमीपणा काही नाही. अखंड तुकड्याचा मीडियम रेअर (बाहेरून भाजलेला, आतून गुलाबी) 130 ते 135 ला होतो, आणि खाली उतरवल्यावरही गाभा पाच-एक अंश चढतो. मात्र कोणत्या मांसाला हे चालतं आणि कोणत्याला नाही, ते पुढच्या एका उत्तरात वाचा.

प्रश्न : भाजण्याआधी स्टेक तासभर बाहेर ठेवावा का?

नाही. जाड तुकड्याचा गाभा तासाभरात जेमतेम काही अंश चढतो, आणि थंड पृष्ठभागावर धूर उलट चांगला बसतो.

प्रश्न : आधी मोठ्या आचेवर भाजलं की रस आत कोंडला जातो ना?

नाही. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेली ही कल्पना केव्हाच खोटी ठरली आहे. तव्यावरच्या स्टेकचा चर्र आवाज म्हणजे बाहेर पडणारं पाणीच असतं.

प्रश्न : हिकरीचे पेलेट्स आणले, पण हिकरीचा वास येत नाही. (नेपरव्हिल)

पिशवीची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरात हिकरी असतं आणि मागे ओक किंवा अल्डरचा भुसा आणि थोडी हिकरी, कधी नुसतं सुगंधी तेल. शंभर टक्के एकाच लाकडाचे लिहिले असतील तेच घ्या. घर तापवायच्या स्टोव्हचे स्वस्त पेलेट्स अजिबात नकोत, त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते.

वास कमी येण्याचं दुसरं कारण तुमच्याच हातात आहे. आच जितकी जास्त तितकं लाकूड स्वच्छ जळतं आणि धूर कमी. 350 वर सुरुवात केली तर कुठलेही पेलेट्स आणा, फरक कळणार नाही. पहिला टप्पा 180 ते 225 मध्येच करा.

प्रश्न : नवरा म्हणतो, स्टेक बोटाने दाबून कळतो. चार वर्षांच्या मुलीलाही आमच्यासारखाच मीडियम रेअर दिला तर चालेल का? पाकिटावर ‘ब्लेड टेंडराइझ्ड’ असं लिहिलंय, ते काय असतं? (एडिसन)

मुलीला देऊ नका. या पाकिटातला तुम्हीही मीडियम रेअर खाऊ नका.

अखंड तुकड्यात जंतू असलेच तर ते बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर मरतात. गाभा 130 ठेवून स्टेक खाण्याची पद्धत याच गृहीतकावर उभी आहे. ब्लेड टेंडराइझ्ड म्हणजे मांस मऊ करायला त्यातून बारीक पात्यांचा किंवा सुयांचा संच आरपार घातलेला असतो. त्या पात्यांबरोबर वरचे ई. कोलायसारखे जंतू आत ढकलले जातात. बाहेरून खरपूस, आतून गुलाबी, आणि त्या गुलाबी भागात जंतू जिवंत, असा तो स्टेक होऊ शकतो. छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणूनच मे 2016 पासून अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा कच्च्या बीफवर तसं लिहिणं आणि शिजवण्याचं तापमान छापणं सक्तीचं केलं. हे लेबल वाचण्यात चालढकल करू नका, ते कचऱ्यात जाण्याआधी वाचायचं असतं. ‘अँगस’ मोठ्या अक्षरात असतं, पण अँगस ही गुरांची जात आहे, दर्जा नव्हे. दर्जा प्राइम, चॉइस किंवा सिलेक्ट या शिक्क्यावरून कळतो. सुरक्षिततेचा शब्द मात्र कोपऱ्यात बारीक टायपात असतो. काउंटरवरून सुटं मांस घेत असाल तर कसायाला स्पष्ट विचारा: यात पाती किंवा सुया घातल्या आहेत का? त्याला सांगता आलं नाही तर घातल्या आहेत असंच धरा.

आता आकडे. स्टेकसाठी कृषी खात्याची किमान शिफारस गाभ्याला 145 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती अशी आहे. टेंडराइझ्ड तुकड्याच्या लेबलवर त्याहून जास्त तापमान असेल तर लेबलचं पाळा. खिमा किंवा बर्गर असेल तर 160, त्यात तडजोड नाही. मुलीसाठी स्टेकचा तुकडा कोणताही असो, किमान 145 आणि तीन मिनिटं हा नियम ठेवा.

हे बोटाने कळत नाही. चरबी, जाडी आणि तुकडा कोणत्या भागातला आहे त्यानुसार स्पर्श बदलतो. रंगही फसवतो. ताटात येणारं लाल पाणी रक्त नसतं, ते मायोग्लोबिन असतं, आणि धुरामुळे कडेला येणारी गुलाबी छटा पूर्ण शिजलेल्या मांसातही टिकते. इन्स्टंट-रीड थर्मामीटर घ्या. त्याची सुई वरून नको, बाजूने आडवी, बरोबर मध्यापर्यंत घाला, हाडाला किंवा चरबीच्या पट्ट्याला लागू देऊ नका. दोन-तीन ठिकाणी बघा आणि सर्वांत कमी आकडा खरा माना. कच्च्या मांसात घातलेली सुई साबणाने धुऊनच पुन्हा घाला. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर 32 दाखवतो का, हे अधूनमधून तपासा. ग्रिलच्या पडद्यावरचं तापमान पेटीतल्या हवेचं असतं, मांसाशी त्याचा संबंध लावू नका.

पाच वर्षांखालच्या मुलांत ई. कोलायच्या काही प्रकारांमुळे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे. असं मांस खाल्ल्यानंतरच्या काही दिवसांत जुलाबात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा मूल फिकं आणि मलूल पडलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जुलाब थांबवणारं औषध किंवा घरात उरलेली अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका. आजीच्या सल्ल्याने दोन दिवस वाट पाहणं या आजारात घातक ठरू शकतं.

प्रश्न : मी गरोदर आहे. थोडासा गुलाबी चालेल?

नको. आधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : आम्ही बीफ खात नाही. मटणासारखी कच्ची पपई लावून लॅम्बचे जाड तुकडे करता येतील का? (फ्रीमाँट)

लॅम्बच्या मांडीचे स्टेक पेलेट ग्रिलवर उत्तम होतात. रीत वरचीच, गाभा 145 आणि तीन मिनिटं विश्रांती. पपई मात्र जपून. तिच्यातलं पपेन फक्त पृष्ठभागावर काम करतं. तासन्‌तास ठेवलं तर वरचा थर पिठाळ होतो आणि आतला चिवटच राहतो. पाऊंडाला एक टीस्पून वाटण, अर्धा तास, मग पुसून कोरडं करा. दही किंवा साखर लावलेलं मांस कमाल आचेवर जळतं, ते भाजण्याआधी निपटून काढा. भारतीय दुकानात मिळणारं बोकडाचं मटण बहुधा हाडांसकट करवतीने कापलेलं असतं, त्याला ही रीत लागू नाही, ते रश्श्यातच शिजवा.

प्रश्न : मध्येच ग्रिल विझलं, तापमान पडत गेलं. बंद-चालू केल्यावर धडकन ज्वाळा आली. एरर गेले दोन महिने येतच होता. (शार्लट)

दोन महिने एरर येत असताना ग्रिल वापरायलाच नको होतं. आग विझली तरी ऑगर पेलेट्स ढकलत राहतो, फायरपॉट तुडुंब भरतो आणि पुन्हा पेटवलं की सगळा ढीग एकदम पेट घेतो. पुढच्या वेळी असं झालं तर बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, प्लग काढा आणि फायरपॉट रिकामा करून मगच पेटवा.

विझण्याची नेहमीची कारणं दोन. एक राख. फायरपॉटमधली राख चार-पाच वापरांनंतर काढा, पण व्हॅक्यूम लावण्याआधी निदान 24 तास जाऊ द्या, निखारे आत धुगधुगत राहतात. दुसरं ओलावा. भिजलेले पेलेट्स फुगून भुसा होतात आणि ऑगरच्या नळीत सिमेंटसारखे घट्ट बसतात. पेलेट बोटांत मोडून पाहा, कटकन तुटला तर कोरडा, चुरला तर फेकून द्या. पाऊस अपेक्षित असेल तर हॉपर रिकामा करा.

काम झाल्यावर थेट प्लग काढू नका. बंद करण्याची पूर्ण फेरी होऊ द्या, नाहीतर आग नळीतून मागे हॉपरकडे सरकू शकते. ग्रीस, म्हणजे साचलेली चरबी, पेटली तर झाकण बंदच ठेवा, बटण बंद करा, पाणी मारू नका. आग वाढत असेल तर मागे सरा आणि 911. या दोन्ही कारणांशिवायही विझत असेल तर तापमान मोजणारा प्रोब किंवा पेलेट्स पेटवणारा इग्नायटर गेलेला असू शकतो. व्हिडिओ पाहून वायरिंग उघडू नका, कंपनीच्या सर्व्हिसला बोलवा.

प्रश्न : तारेच्या ब्रशने जाळी घासली तर?

नको. तुटलेली तार मांसाला चिकटून पोटात जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, 2012 मध्ये अशा जखमांची नोंद केली आहे. लाकडी खरवडणं वापरा. भाजल्यानंतर जेवताना घशात टोचलं तर भाताचा गोळा गिळून पाहू नका, इमर्जन्सीत जा.

प्रश्न : अपार्टमेंटच्या बाल्कनीत चालेल?

बहुतेक ठिकाणी नाही. लीज वाचा आणि तुमच्या शहराच्या फायर मार्शलना विचारा.

प्रश्न : पुण्याला परत जातोय. ग्रिल बरोबर नेऊ का?

नेऊ नका. ते 120 व्होल्ट, 60 हर्ट्झवर चालतं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलेल, पण भारतातली वीज 50 हर्ट्झची आहे, आणि त्यावर अनेक ऑगरच्या मोटरी हळू फिरतात, पेलेट्सचा हिशोब बिघडतो. तरी न्यायचंच असेल तर मोटर एसी आहे की डीसी, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या.