पहिल्यांदा उत्खननाला जाताना

काही सापडलं की लगेच उचलायचं नाही, एवढं आधी मनाशी पक्कं कर. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती ही माहिती एकदा गेली की गेली.

इनामगावचंच घे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरात होती तेव्हाच्या, घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं निघाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. ती घाईने उपसली असती तर हाती नुसत्या खापऱ्या आणि हाडं उरली असती. दफन कुठल्या घराच्या वेळचं, हे खड्ड्याची कड कुठल्या जमिनीपासून सुरू होते त्यावरून ठरतं. कडेच्या आतली माती रंगाने जराशी वेगळी, हाताला भुसभुशीत लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात बघ, सुकली असेल तर थोडं पाणी शिंपड, मग कड दिसेल.

खापऱ्या धुण्याचा कंटाळा करू नकोस. तांबड्यावर काळी नक्षी असलेली जोर्वे खापरं, म्हणजे ताम्रपाषाण काळातल्या एका खास घडणीच्या भांड्यांचे तुकडे, ओळखता आली की थर वाचता येतो. राखेची माती तर मुळीच फेकू नकोस. पाण्यात ढवळली की जळके दाणे वर तरंगतात. इनामगावकर सातू पिकवत होते हे जळक्या दाण्यांमुळेच कळलं. कालमापनासाठी कोळसा मिळाला तर चिमट्याने उचल, बोट लावू नकोस.

आणि नोंदवही त्याच संध्याकाळी पूर्ण कर, आकृतीसकट.