सीआयएसओ किंवा डीपीओ व्हायचं असेल तर सरकारात जावं की खाजगीत?

तुम्ही लिहिलंय की वय २६, हिंजवडीत एका एसओसीमध्ये (सायबर हल्ल्यांवर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र) तीन वर्षं एल-१ (पहिल्या पायरीवरचा अ‍ॅनालिस्ट) म्हणून रात्रपाळी चालू आहे, पुढे कधीतरी सीआयएसओ (कंपनीच्या माहिती-सुरक्षेचा प्रमुख) किंवा डेटा प्रोटेक्शन ऑफिसर (डीपीओ) व्हायचंय, तर सरकारी वाट धरावी की खाजगी, कुठली सर्टिफिकेशन करावीत, आणि आत्ता हातात एका एनबीएफसीची (बँक नसलेली वित्त कंपनी) ऑफर आहे ती घ्यावी का. मी २१ वर्षं ह्याच कामात आहे, आधी पुण्यातली एक सहकारी बँक, मग एक एनबीएफसी, तिथे काही वर्षं सीआयएसओ होते आणि आता प्रायव्हसीचं काम बघते. उत्तर थोडं लांब होईल, पण निवांत वाचा.

ह्या खुर्चीपर्यंत पोचलेली जी माणसं मी जवळून पाहिलीत ती सगळी वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत, कोणी नेटवर्कमधून, कोणी ऑडिटमधून, कोणी आर्मीच्या सिग्नल्समधून, एक बाई तर चक्क लीगलमधून. तांत्रिक ज्ञान प्रत्येकाचं वेगळं, काहींना आज फायरवॉलचा एक रूल लिहायला सांगितला तर वेळ लागेल. पण एक गोष्ट सगळ्यांना जमते, ती म्हणजे वाईट बातमी वेळेत, लेखी, आणि वरच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगणं. माझ्या मते ह्या करिअरचा कणा तोच आहे, आणि तो एल-१ला बसल्या बसल्यासुद्धा तयार करता येतो.

मला हे कसं कळलं ते सांगते. ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेलच, तेव्हा तुम्ही बहुतेक बारावीच्या आसपास असाल. ११ तारखेला, शनिवारी, एटीएम स्विचच्या (एटीएमचा व्यवहार बँकेला विचारून मंजूर करणारी यंत्रणा) जागी बनावट स्विच उभा करून २८ देशांतून क्लोन कार्डांनी पैसे काढले गेले, सीबीएसला, म्हणजे बँकेच्या खात्यांच्या मुख्य सिस्टीमला, विचारणाच होत नव्हती, खोटा स्विच परस्पर 'मंजूर' म्हणत होता. मग सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून (परदेशी व्यवहारांसाठीचं बँकांचं जाळं) जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टात ११ जणांना शिक्षा झाली, पण ते बहुतेक एटीएममधून पैसे काढणारे लोक.

मी तेव्हा दुसऱ्या एका सहकारी बँकेत आयटी ऑफिसर होते. मंगळवारी बातमी फुटली, आणि त्याच आठवड्यात संचालक मंडळाची तातडीची मीटिंग लागली. चेअरमन साहेबांनी सरळ विचारलं, "मॅडम, हे आपल्याकडे होऊ शकतं का?" माझ्या शेजारी आमचे आयटी हेड बसलेले, ते म्हणणार होते की नाही सर आपलं सगळं सुरक्षित आहे, कारण एरवी सगळ्या मीटिंगांमध्ये तेच सांगितलं जायचं. मी "हो" म्हणाले. कारण त्याच वर्षी जानेवारीत मी दोन पानी नोट लिहिली होती की आपल्या स्विचचे लॉग शनिवार-रविवार कोणी बघतच नाही, अलर्ट येतो तो एका मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो आणि सोमवारी सकाळी उघडतो. ती नोट आयटी हेडच्या ड्रॉवरमधून पुढे गेलीच नव्हती. माणूस वाईट नव्हता, त्यांच्यावर सीबीएस मायग्रेशनची डेडलाईन होती आणि माझी नोट म्हणजे त्यांच्याच कामातली उणीव होती, ती ते स्वतःहून वर का नेतील?

मला आजही त्या गोष्टीचं वाईट वाटतं, की मी जानेवारीत नोट देऊन गप्प बसले. आठ महिने. आमचं नशीब की त्या आठ महिन्यांत काही झालं नाही. त्या मीटिंगनंतर शनिवार-रविवारची ड्युटी लागली, स्विचचं रोजचं रिकन्सिलिएशन (हिशोबाचा ताळमेळ) सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेचं नागरी सहकारी बँकांसाठीचं सायबर सिक्युरिटीचं सर्क्युलर आलं तेव्हा ते काम माझ्याकडे दिलं गेलं. (कमर्शियल बँकांसाठी हे जून २०१६ मध्येच आलेलं होतं.) माझं नाव वर गेलं ते त्या एका "हो"मुळे, कुठल्या सर्टिफिकेटमुळे नाही.

ही ड्रॉवरची गोष्ट एवढी सविस्तर सांगितली कारण रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये जे आयटी गव्हर्नन्सचं मास्टर डायरेक्शन काढलं (१ एप्रिल २०२४ पासून लागू) त्यात नेमका ह्याच दुखण्यावर इलाज आहे: सीआयएसओने आयटी हेडला थेट रिपोर्ट करायचं नाही, आणि त्याला बिझनेस टार्गेट द्यायचं नाही. ही दोन वाक्यं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझी ती दोन पानी नोटच आठवली. हे डायरेक्शन कमर्शियल बँकांना आणि मिडल, अप्पर, टॉप लेयरच्या एनबीएफसींना लागू आहे (रिझर्व्ह बँक आकार आणि जोखमीप्रमाणे एनबीएफसींचे हे थर पाडते), सगळ्यात खालच्या बेस लेयरच्या नाही. हे लक्षात ठेवा, खाली तुमच्या ऑफरबद्दल बोलताना लागेल.

आता उलट्या बाजूचं उदाहरण, आणि हे ह्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतले जो सलिव्हन. करिअर बघा, आधी कॅलिफोर्नियात सरकारी वकील, कॉम्प्युटर गुन्ह्यांचे खटले चालवायचे, मग ईबे, पेपाल, मग फेसबुकचे सिक्युरिटी प्रमुख, २०१५ मध्ये उबरला. सरकार आणि इंडस्ट्री दोन्हीकडचा इतका भक्कम अनुभव फार थोड्यांकडे असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये हॅकर्सनी उबरला मेल केला की आमच्याकडे तुमचा डेटा आहे, ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हर्सचा. आणि हे कधी, तर उबरच्या आधीच्या एका ब्रीचबद्दल (डेटाचोरीबद्दल) अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची चौकशी चालू असताना, त्यात सलिव्हननी शपथेवर साक्ष देऊन जेमतेम दहा दिवस झालेले. हॅकर्सना १ लाख डॉलर बिटकॉइनमध्ये दिले गेले, बग बाउंटी (सिस्टीममधली चूक दाखवल्याबद्दलचं बक्षीस) म्हणून दाखवले, एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सह्या घेतल्या, आणि चौकशी करणाऱ्यांना सांगितलं गेलं नाही. २०१७ मध्ये नोकरी गेली, ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, मे २०२३ मध्ये तीन वर्षांचं प्रोबेशन आणि ५० हजार डॉलर दंड, आणि मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. खटला चालवला तो त्याच सरकारी वकिलांच्या ऑफिसने जिथे ते पूर्वी स्वतः काम करत होते. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांना ही शिक्षा अन्यायाची वाटली, सगळा भार एकाच माणसावर का म्हणून, आणि त्यात तथ्य आहे. पण डेटा गेला म्हणून कोणी त्यांना कोर्टात नेलं नव्हतं, नेलं ते सांगायचं होतं त्यांना न सांगितल्याबद्दल.

आपल्याकडे सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तास म्हणजे तुमची रात्रपाळी संपायच्या आत. रात्री अडीचला एल-१ने फोन करायचा की सकाळी हँडओव्हर नोटमध्ये लिहायचं, ह्यावर कंपनी कायद्यात बसते की नाही हे ठरतं, त्यामुळे तुमचं काम खालचं आहे असं समजू नका.

सरकारी वाटेबद्दल. तिथे मुख्यतः तीन दारं आहेत. एक म्हणजे वैज्ञानिक केडर, एनआयसी (केंद्र सरकारची आयटी संस्था), सर्ट-इन वगैरे ठिकाणी सायंटिस्ट-बी म्हणून लागायचं, पगाराची लेव्हल १०, मूळ पगार ५६,१००, आणि मग सी, डी, ई असं करत जी पर्यंत. हळू चालणारी वाट आहे पण पल्ला मोठा. गुलशन राय ह्यांचं उदाहरण घ्या, आधी इर्नेट (शिक्षण-संशोधन संस्थांचं सरकारी नेटवर्क), मग सर्ट-इनचे महासंचालक, आणि २०१५ मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक. दुसरं दार गणवेशाचं. राय ह्यांच्यानंतर लेफ्टनंट जनरल राजेश पंत आणि त्यांच्यानंतर लेफ्टनंट जनरल एम. यू. नायर, दोघेही सैन्याच्या कोअर ऑफ सिग्नल्समधले. पोलिसातून येणारे पण आहेत, आपलं महाराष्ट्र सायबर उभं राहिलं ते ब्रिजेश सिंह ह्या आयपीएस अधिकाऱ्यांच्या काळात. तिसरं दार म्हणजे बाहेर अनुभव घेऊन मग आत जाणं, सर्ट-इनचे संजय बहल ह्यांनी आधी मायक्रोसॉफ्ट इंडियात सिक्युरिटी सांभाळलेली आहे. २६ व्या वर्षी पहिलं दार उघडं आहे पण वयोमर्यादा असते, जाहिरातीवर लक्ष ठेवा, दोन वर्षांनी बघू म्हणून टाळू नका.

पगार खाजगीत जास्त मिळतो, हे वेगळं सांगायला नको. पण सरकारात जो आवाका मिळतो तो खाजगीत दहा नोकऱ्या बदलूनही मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर (सिस्टीम लॉक करून खंडणी मागणारा हल्ला) आलं, दोनेक आठवडे केसपेपर, रिपोर्ट सगळं हाताने लिहायची वेळ आली, तेव्हा तिथे काम केलेल्या लोकांनी जे पाहिलं ते एखाद्या कंपनीच्या सीआयएसओला आयुष्यभरात दिसणार नाही. ज्याला लोकांच्या उपयोगी पडायची ओढ आहे त्याने निदान पाच-सहा वर्षं सरकारात किंवा सरकारसाठी काम करावं असं माझं मत आहे. परीक्षा नसेल द्यायची तर सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिट फर्ममध्ये जा, तिथून सरकारी खाती, बँका, वीज कंपन्या सगळं आतून बघायला मिळतं, आणि ऑडिट रिपोर्ट लिहून लिहून वाईट बातमी मांडायचा हात बसतो.

डीपीओचं मात्र वेगळं आहे, ते सीआयएसओचंच दुसरं नाव समजू नका. सीआयएसओचा प्रश्न असतो की डेटा सुरक्षित आहे का, डीपीओचा प्रश्न असतो की हा डेटा तुम्ही मुळात घेतलाच कशाला. गोल्ड लोनच्या फॉर्मवर नवऱ्याचा मोबाइल नंबर का मागता, हा माझा मागच्या महिन्यातला वाद, सेल्सवाले अजून नाराज आहेत. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, मग न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल, मग ऑगस्ट २०२३ मध्ये डीपीडीपी (वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा) कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम, एवढं फिरून आता कुठे हे पद कायद्याने आलंय. सरकार ज्यांना सिग्निफिकंट डेटा फिड्युशरी (खूप किंवा नाजूक डेटा हाताळणाऱ्या संस्था) ठरवेल त्यांना भारतात राहणारा डीपीओ नेमावाच लागेल आणि तो संचालक मंडळाला जबाबदार असेल. सुरक्षेची काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, आणि ब्रीच झाला तर डेटा प्रोटेक्शन बोर्डाला सविस्तर माहिती ७२ तासांत. बहुतेक तरतुदी लागू व्हायला नियम निघाल्यापासून १८ महिने दिलेत, म्हणजे आत्ता सगळीकडे तयारीची धावपळ आहे आणि ज्याला लॉग पण वाचता येतात आणि कायदा पण, अशी माणसं कमी आहेत. तुम्हाला त्यातलं अर्धं येतंच, कायदा वाचायला घ्या, मूळ मजकूर, फार मोठा नाहीये.

सर्टिफिकेशनबद्दल थोडक्यात. सीआयएसएसपी ह्या सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटला पाच वर्षांचा अनुभव लागतो, घाई नको. त्याआधी पाया कच्चा वाटत असेल तर सी-डॅकचा आयटी इन्फ्रा आणि सिक्युरिटीचा पीजी डिप्लोमा चांगला आहे, पुण्यातच आहे, पण नोकरी सोडून करावा लागेल. सीआयएसए हे सर्टिफिकेट ऑडिटकडे जायचं असेल तर. प्रायव्हसीसाठी डेटा सिक्युरिटी कौन्सिलचं (डीएससीआय) डीसीपीपी. ह्याहून जास्त आत्ता काही करू नका, त्या पैशात आणि वेळात दर महिन्याला तुमच्या शिफ्टमधल्या एका घटनेवर एक पानी टिपण लिहा, काय झालं, कोणाचं काय नुकसान होऊ शकलं असतं, काय करायला हवं, एवढंच, एकही शॉर्टफॉर्म न वापरता, आणि अर्थातच कंपनीच्या सिस्टीमच्या बाहेर न नेता. तुमच्या शिफ्ट लीडला वाचायला द्या. मी माझ्या टीमला हेच करायला लावते, आणि त्यातली दोघं आज दुसरीकडे सिक्युरिटी हेड आहेत.

आता तुमची ऑफर. पगार किती वाढतोय ते तुम्ही लिहिलं नाहीये आणि मी विचारतही नाही. एचआरला नाही, जो तुमचा मॅनेजर होणार आहे त्याला तीन गोष्टी विचारा. कंपनी कुठल्या लेयरमध्ये आहे. सीआयएसओ कोणाला रिपोर्ट करतो, आणि बेस लेयर असेल तर हे दोनदा विचारा कारण तिथे तो वरचा नियम लागू नाही, आयटी हेडच्या हाताखाली बसवलेला असू शकतो. आणि शेवटचं ड्रिल (सायबर हल्ल्याची रंगीत तालीम) कधी झालं, त्यात रात्री पहिला फोन कोणाला गेला आणि त्याने तो किती वेळात उचलला. तिसऱ्याचं उत्तर त्यांनी अडखळत का होईना पण खरं दिलं, अगदी "आमचं ड्रिल फसलं, फोन उचललाच नाही, मग आम्ही रोस्टर बदललं" असं जरी म्हणाले, तरी घ्या ऑफर. सगळं एकदम उत्तम आहे असं सांगितलं तर अजून दोन-तीन महिने आहे तिथेच थांबा आणि दुसरी शोधा. काय उत्तर मिळालं ते इथे खाली नक्की कळवा, मी बघते.