'लेसोथियन' नव्हे, मोसूथू

प्रश्न : आफ्रिकेतल्या लेसोथो या देशाचं नाव कसं पडलं? तिथल्या नागरिकाला 'लेसोथियन' म्हणावं की 'लेसोथोवासी'?

दोन्ही नको. त्याहून वाईट म्हणजे 'एका बासोथो तरुणाने'. 'एका मुलांनी' असं कुणी लिहिलं तर आपण खपवून घेऊ का? मग हे दर बातमीत का खपतं?

आपण शब्दाचं शेपूट बदलतो : मुलगा, मुलगी, मुलगे. बांटू भाषा, म्हणजे आफ्रिकेतलं एक मोठं भाषाकुल, शब्दाचं डोकं बदलतात. मूळ 'सूथू'. त्याला 'मो' लागला की एक माणूस, बाई असो वा बुवा. 'बा' लागला की अनेक, 'से' लागला की भाषा, 'ले' लागला की देश. नाण्यांचंही तेच : एक लोटी, दोन मलोटी. खुद्द 'सूथू'चा अर्थ 'सावळा' असं कोशाकोशांतून ठामपणे छापतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, तेव्हा मी तो अर्थ देणार नाही.

'सोथो' की 'सूथू'? तिथल्या लिपीतला 'ओ' इथे 'ऊ'कडे झुकतो आणि 'टीएच' म्हणजे निव्वळ महाप्राण, आपल्या थ आणि ठ यांच्या मधला. 'लेसूटू' हाच शुद्ध उच्चार असं बजावणाऱ्या पंडितांशी माझं भांडण आहे. इंग्रजीत ट आणि ठ हे दोन वर्ण नाहीत, ही इंग्रजीची अडचण. आपल्या वर्णमालेत महाप्राणांची रांगच्या रांग उभी असताना ती अडचण आपण उसनी का घ्यायची? मी 'लेसूथू'च लिहितो.

देशाची माहिती थोडक्यात : चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका, राजधानी मसेरू, सगळ्यात खालचं ठिकाणही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच. ४ ऑक्टोबर १९६६ ला स्वातंत्र्य मिळालं, त्याआधी ब्रिटिशांचं 'बासुटोलँड'. त्या नावातही 'बा' आहेच, 'लोकांचा मुलूख' या अर्थी.

पण खरी गंमत आहे ती ज्याने हे राष्ट्र उभं केलं त्या राजाच्या नावात : मोश्वेश्वे. जन्मनाव लेपोको. तरुणपणी त्याने रामोनाहेंग नावाच्या टोळीप्रमुखाची गुरं पळवली आणि स्वतःवरच स्तुतिकवन रचलं, की मी रामोनाहेंगची दाढी साफ केली. वस्तरा दाढीवरून फिरताना जो आवाज होतो, 'श्वे श्वे', तेच त्याचं नाव झालं! आपल्याकडे सळसळ, खरखर, कुरकुर असे नादानुकारी शब्द ढिगाने आहेत, पण त्यातल्या एकाला सिंहासनावर बसलेलं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणून त्या नावाचं स्पेलिंग वाचून 'मोशोएशो' म्हणू नका. त्यात वस्तऱ्याचा आवाजच बंद होतो. पुढे थाबा-बोसिऊच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर या माणसाने विखुरलेल्या टोळ्यांना आसरा दिला, बोअर लोकांशी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी) झुंजला आणि १८६८ मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण मागून मुलूख राखला. १८७० मध्ये तो गेला. सुती छापाच्या 'श्वेश्वे' कापडाला त्याचंच नाव मिळालं असं मानतात.

तर तुमच्या वाक्यात माणूस एक असेल तर मोसूथू, दोन झाले की बासूथू. 'लोक' हा शब्द पुढे जोडायची गरज नाही, तो 'बा'मध्ये आलाच.