गावच्या संमेलनातला उत्तम वेळ कुणाचा?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गावातल्या मंडळाने यंदाच्या साहित्य संमेलनाचे कार्यवाहपद तुझ्याकडे सोपवले, हे वाचून मनापासून आनंद झाला. अध्यक्ष म्हणून पुण्या-मुंबईकडचे कोण मिळेल आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मी पुढे देतोच. परंतु त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाकडे तुझे लक्ष वेधणे मला अधिक निकडीचे वाटते. तुमच्या गावात आणि पंचक्रोशीत लिहिणारी, चित्रे काढणारी, गाणारी माणसे कोण आहेत, आणि संमेलनाच्या दिवसातला कोणता वेळ तुम्ही त्यांना देणार आहात? संमेलन कसे झाले, हे मी याच उत्तरावरून ठरवतो.

तुमच्यासारख्या बेळगावच्या आसपासच्या खेड्यांनी जे उभे केले आहे ते लहान नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी, तिकडे खानापूर तालुक्यात माचीगड, अशा गावांनी स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवली, घरोघर फिरून वर्गणी गोळा केली आणि आलेल्या प्रत्येकाला पंगतीत बसवून जेवू घातले. खुद्द बेळगाव शहरात अखिल भारतीय संमेलन 1929, 1946 आणि 2000 साली झाले. त्यांतल्या 1946 च्या, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि तेव्हापासून या भागातल्या साहित्यिक मेळाव्यांना सीमाप्रश्नाची बाजू कायमची जोडली गेली. तो ठराव तुम्हीही मांडाल आणि मांडायलाच हवा. एका जाणत्या वक्त्याने त्यावर नेमके, अभ्यासपूर्ण बोलावे. मात्र स्वागताध्यक्षांपासून आभार मानणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने तेच पुन्हा सांगू नये. ज्या भाषेसाठी हा आग्रह आहे, त्या भाषेत गावातली माणसे आज काय लिहीत आहेत, हे ऐकायला दिवस उरला पाहिजे.

आता वेळेचा हिशेब पाहा, कारण संमेलने बहुधा तिथेच घसरतात. ग्रंथदिंडी सकाळी आठला निघणार असे पत्रिकेत छापलेले असते. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि संविधान ठेवलेले, पुढे लेझीम, मागे भजनी मंडळ आणि कळस घेतलेल्या बायका, दारोदारी पाण्याचा सडा आणि रांगोळी, असे हे दृश्य इतके सुंदर असते की ते आवरावे असे कुणालाही वाटत नाही. दिंडीला तिचा वेळ द्यावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ती सातला काढावी. खरी गळती मंडपात होते. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, आणि मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. वीस जणांचा सत्कार प्रत्येकी दोन मिनिटांत उरकला, तरी चाळीस मिनिटे जातात. त्याच चाळीस मिनिटांत गावातले आठ कवी प्रत्येकी पाच मिनिटे वाचू शकले असते. देणगीदारांचा मान ठेवायचा तर त्यांची नावे मंडपाच्या दारातल्या फलकावर ठळक लिहावीत, स्मरणिकेत छापावीत आणि समितीने आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन श्रीफळ द्यावे. घरी येऊन केलेला मान खेड्यात कमी समजला जात नाही. समितीत हा मुद्दा मांडशील तेव्हा जोरदार विरोध होईल. तू नम्रपणे पण ठामपणे वरचा हिशेब पुढे ठेव.

दिवसाचा क्रम ठरवताना ऐकणाऱ्यांचे घर डोळ्यांसमोर आण. स्थानिकांचे कविसंमेलन नेहमी शेवटच्या सत्रात ढकलले जाते, आणि ते सुरू होते तेव्हा पाच-साडेपाच वाजलेले असतात. त्या वेळी गोठ्यात धारा काढायच्या असतात, बायकांना चुलीकडे वळायचे असते, परगावच्यांना शेवटची बस गाठायची असते. मग ज्या मुलीने वर्षभर वहीत जपलेली कविता धीर एकवटून वाचायला आणली, ती मोकळ्या खुर्च्यांसमोर उभी राहते आणि सूत्रसंचालक तिला ‘फक्त दोन ओळी’ म्हणून घाई करतो. माझ्या डोळ्यांदेखत अनेक होतकरू लेखण्या अशा संध्याकाळी थांबल्या आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून सांगतो, उद्घाटन साडेदहाला संपवून त्यानंतरचा दीड तास, मंडप गच्च भरलेला असताना, स्थानिक लेखक-कवींना द्या. अध्यक्षीय भाषण त्यांच्यानंतर ठेवा. जेवणानंतर श्रोते पेंगतात, तेव्हा कथाकथनासारखा दुसरा उपाय नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथा सांगून मराठी खेड्यांना ती गोडी लावली आणि ती अजून टिकून आहे. तुमच्या कथाकारालाही आपल्या बोलीत सांगू दे. बेळगावी मराठीचे हेल, तिच्यातले कानडी शब्द, तिची वाक्ये तोडण्याची तऱ्हा ही प्रमाणभाषेच्या भीतीने पुसली गेली, तर कथेचा जीवच जातो.

‘आमच्या गावात लिहिणारे आहेतच कुठे?’ असे समितीतले कुणीतरी म्हणेल. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले आणि तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजमधली माणसे त्यांनी मराठी कथेत आणली. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या कितीजणांना त्यांच्या लेखनाची कल्पना असेल? लिहिणारा माणूस आपण होऊन पुढे येत नाही, त्याला शोधावे लागते. शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचार, वाचनालयात कोण नियमित पुस्तके बदलून नेतो ते पाहा, भजनी मंडळात स्वतःचे अभंग रचणारा कुणी आहे का याची चौकशी कर, जात्यावरच्या ओव्या अजून पाठ असलेल्या आजींकडे वही घेऊन जा. आणि यादी तयार झाली की त्यात कोणत्या गल्लीचे, कोणत्या वाड्याचे, कोणत्या समाजाचे नाव नाही हे तपास. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. पुढे 1885 च्या सभेचे निमंत्रण आले, तेव्हा महात्मा फुल्यांनी जायला नकार दिला आणि शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार न करणाऱ्यांच्या सभेत आपल्या लोकांचे काय काम, असा रोखठोक सवाल पत्राने विचारला. मुंबईत 1958 साली पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठे त्याचे उद्घाटक होते, तेही याच प्रश्नाच्या पोटी. तुमच्या मंडपात तो प्रश्न कुणावर विचारायची वेळ येऊ नये, ही कार्यवाह म्हणून तुझी जबाबदारी आहे.

शोधलेल्या माणसांना थेट माइकसमोर उभे करू नकोस. दिवाळीपासून संमेलनापर्यंत दर महिन्याला एकदा वाचनालयात बैठक बसव. दहा-बारा माणसे पुरेत. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ‘छान आहे’ एवढ्यावर न थांबता कोणती ओळ कळली नाही, कोणती लांबली, कोणती पुन्हा ऐकावीशी वाटली, हे सांगावे. धारवाडला द. रा. बेंद्र्यांनी मित्रांच्या अशाच एका मंडळात, ‘गेळेयर गुंपु’मध्ये, आपल्या उमेदीच्या काळात एकमेकांचे लेखन ऐकण्या-ऐकवण्याची सवय जोपासली. घरात मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. हे उदाहरण मी मुद्दाम देत आहे. तुमच्या गावात कन्नडमध्ये चांगले लिहिणारा कुणी असेल, तर त्यालाही बैठकीला बोलाव आणि त्याच्या कवितेचा मराठी अनुवाद तुमच्यापैकी कुणाला तरी करायला सांग. आपल्या भाषेवरची निष्ठा त्याने तसूभरही कमी होत नाही, आणि शेजाऱ्याच्या मनात काय चालले आहे ते कळते.

चित्रकारांविषयी तू पत्रात एका ओळीत, ‘रांगोळी आणि सजावट समिती’ असे लिहिले आहेस. इथे मात्र मला तुला थांबवावेसे वाटते. ज्या बेळगावात के. बी. कुलकर्णींनी ‘चित्रमंदिर’ ही कलाशाळा चालवून रवी परांजप्यांसारखे विद्यार्थी घडवले, त्या परिसरात चित्रकाराला मंडप सजवण्यापुरते बोलावणे शोभत नाही. तुमच्या गावात शाडूच्या मूर्ती करणारे आहेत, फ्लेक्स आल्यावर हातातले काम गेलेले पाट्या रंगवणारे आहेत, चित्रकलेच्या परीक्षा देणारी मुले आहेत. शाळेचे दोन वर्ग मोकळे करून घ्या. फळ्याशेजारच्या भिंतीला सुतळी ताणा, चित्रे कपड्यांच्या चिमट्यांनी लावा, खिडकीचे ऊन थेट चित्रावर येणार नाही एवढे पाहा, आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव आणि गाव सुवाच्य अक्षरात लिहा. मंडपाचा मुख्य फलक फ्लेक्सवर न छापता पाट्या रंगवणाऱ्याकडून कापडावर रंगवून घ्या आणि त्याला त्याची पूर्ण मजुरी द्या. आणखी एक गोष्ट करून पाहा, तिच्याकडून मला फार आशा आहे. बैठकीत वाचलेल्या कवितांपैकी चार-पाच कविता महिनाभर आधी चित्रकारांकडे द्या आणि त्यावर त्यांना सुचेल ते काढू द्या. कवी आपली कविता वाचत असताना ते चित्र व्यासपीठावर असावे आणि चित्रकारानेही दोन शब्द बोलावेत. एकाच गल्लीत राहून एकमेकांचे काम कधी न पाहिलेली माणसे त्यानिमित्ताने एकमेकांच्या घरी जाऊ लागतात.

आता अध्यक्षांविषयी. नाव किती मोठे यापेक्षा तो लेखक दिवसभर थांबणार आहे का, हे आधी विचार. भाषण करून जेवणाआधी गाडीत बसणारा पाहुणा कितीही प्रसिद्ध असला, तरी तुमच्या लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. ज्याला निमंत्रण द्याल, त्याच्याकडे तुमच्या स्थानिक लेखकांचे निवडक लेखन महिनाभर आधी टपालाने पाठव आणि भाषणात त्यांतल्या दोघा-तिघांच्या लेखनाविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी विनंती पत्रातच कर. चांगला लेखक या विनंतीने सुखावतो. जो टाळाटाळ करतो, त्याचा आग्रह धरू नकोस. मानधनाचे पाकीट फक्त बाहेरच्यांना आणि गावच्या कवीला गुलाबाचे फूल, ही रीत मोडता आली तर अवश्य मोड. रक्कम लहान असू दे, पण पाकीट प्रत्येकाला असावे. त्यासाठी मंडपाचे झालर-पडदे कमी करावे लागले तरी चालतील.

तारखेबाबत एवढेच की भाताची मळणी उरकलेली असावी, शाळांच्या परीक्षा जवळ आलेल्या नसाव्यात, आणि त्या रविवारी शेजारच्या गावाचे संमेलन किंवा जत्रा नसावी. ध्वनिक्षेपकाच्या आणि पोलिसांच्या परवानगीचा अर्ज लवकर दे आणि त्याची पोच जपून ठेव.

संमेलन झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च गावासमोर वाचून दाखव आणि वाचनालयाच्या फलकावर लाव, म्हणजे पुढच्या वर्षी वर्गणी मागायला कुणालाही संकोच वाटणार नाही. ज्यांचे लेखन यंदा वाचनासाठी निवडले गेले नाही, त्यांना हाताने लिहिलेले पत्र पाठवून पुढच्या बैठकीची तारीख कळव. कार्यक्रमपत्रिका छापायला देण्यापूर्वी तिचा कच्चा मसुदा मला पाठव. त्यात स्थानिकांचे सत्र किती वाजता आहे, ते मी सर्वांत आधी पाहीन.

तुझे सर