जुन्या एटीसीचा फोर्क बदलण्याआधी

१९८५ ची होंडा एटीसी २५०आर, ती तीन जाड चाकांची ऑफ-रोड गाडी, घेतलीस, छान केलंस. पण दुसऱ्या मॉडेलचा फोर्क (पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे शॉकअपचे दोन पाय) दिसला म्हणून लगेच पैसे मोजू नकोस. पाइपचा व्यास, स्टेमची (हँडल वळतं त्या उभ्या दांड्याची) लांबी आणि कोन सेटची (त्या दांड्याच्या बेअरिंगची) मापं आधी घे. पाइप बसला तरी दोन पायांतलं अंतर कमी पडलं, तर पुढचा तो जाड टायर घासतो. म्हणून घ्यायचाच तर टी (दोन्ही पाय वर एकत्र धरणारा भाग), एक्सल, ब्रेकसकट अख्खा संच घे.

माझं विचारशील तर आधी जुनाच उघडून बघ. वरच्या टोपणाला हवेचा व्हॉल्व्ह असेल तर हवा सोड. खालचा ॲलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच सैल कर, नाहीतर आतली डॅम्पर रॉड (तेलातून धक्का मंद करणारी दांडी) त्याच्यासोबत गरगर फिरत राहते. मग पाइपवर नख फिरव. तेल अडवणारं रबरी सील सरकतं तिथे गंजाच्या खड्ड्यात नख अडकलं, तर कितीही चांगलं सील घाल, तेल गळणारच. आधी पाइपवर हार्ड क्रोमचा (कडक क्रोमचा) मुलामा देऊन घे किंवा पाइप बदल.

तेलाची पातळी दोन्ही पायांत सारखी हवी. स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून मोज. आणि हवा हातपंपानेच भर. आत जागा इतकी कमी असते की कम्प्रेसरने क्षणात सील उडतं.